बजर कापणारे दाजी

कोल्हापुरात गाडीचा आवाज वाढवून देणाऱ्यांना तोटा नाही. गल्लोगल्ली एकेक बहाद्दर सायलेन्सर खोलून बसलाय. पण गाडीचा आवाज बंद करून देण्यात नाव काढलेला माणूस शहरात एकच, आणि तो नेमका आमच्या घरी जावई म्हणून आला. विजयसिंह त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, स्नेहलताईचे नवरे, म्हणजे माझे दाजी. मंगळवार पेठेत त्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ लिहिलंय आणि त्याखाली ‘सर्व प्रकारचे सेन्सर’. सेन्सर विकतात की दुरुस्त करतात, ते लिहिलेलं नाही, कारण दाजी दोन्ही करत नाहीत. ते सेन्सर काढून टाकतात.

सीट बेल्ट लावला नाही की नव्या गाड्या टुंटुं वाजत राहतात. बेल्ट लावणं हे त्यावरचं औषध. पण आपल्याच गाडीनं आपल्याला अक्कल शिकवावी, हे आमच्याकडच्या माणसाला सोसत नाही. मग तो दाजींकडे येतो, दुपारभर बाकड्यावर बसून चहा पितो आणि मुकी झालेली गाडी घेऊन समाधानानं घरी जातो. ऑइलचा लाल दिवा पेटला, दाजींनी वायर काढली. इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, दाजींनी त्यावर काळी टेप चिकटवली. गाडी कुठलीही असो, दुखणं कुठलंही असो, निदान ठरलेलं, “काय न्हाय वो, सेन्सर खराब हाय.”

अशीच मुकी केलेली एक गाडी गगनबावड्याच्या घाटात इंजिन जाम होऊन बसली. मालक तावातावानं भांडायला आला. दाजी त्याला म्हणाले, “पावणं, नशीब समजा. दिवा पेटला असता तर ऐन घाटात भ्या वाटलं असतं.” मालकानं थोडा विचार केला, चहा घेतला आणि गेला. मला त्या मालकाचाच जास्त राग येतो. ऐकणारे असले की बोलणाऱ्याचं फावतं.

घरीही तेच. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा भोंगा दाजींनी उपटला, तेव्हापासून त्यांच्या जिन्यातून रोज सकाळी पाणी वाहतं. इन्व्हर्टर वाजायचा, तो मुका केला. एका संध्याकाळी वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झालाच नाही, तेव्हा कळलं की बॅटरी कधीच मेलेली होती. ताई काही बोलत नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं बोलायची.

आता एवढं सगळं माहीत असताना या माणसाच्या हाती आमच्या गावानं पुरातली बोट दिली कशी, हे सांगायचं तर आधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळं गाव आण्णाच म्हणतं, आम्हीही. आण्णा शेतकरी माणूस, बोलायला फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारे. पण जावयापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. जावई म्हणजे दशमग्रह, त्याला दुखवायचं नाही, त्याच्या बोलण्यावर बोलायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच आहे. सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात भांडलेला हा माणूस दाजी आले की स्वतः उठून त्यांना पाण्याचा तांब्या देतो. आणि आण्णांचा जावई तो गावाचा जावई. तेव्हा सगळं गावच दाजींना ‘पावणं’ म्हणतं आणि त्यांच्यापुढं मान डोलावतं.

तीन वर्षांपूर्वी आण्णांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागतं, आणि ते कोल्हापुरात. आमचं गाव पंचगंगेच्या वळणात. पावसाळ्यात नदी फुगली की रस्ता पाण्याखाली जातो आणि गावाचं बेट होतं. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दूध तेवढं अडकायचं. मी गावच्या दूध संस्थेची सचिव आहे, त्यामुळं अडकलेल्या दुधाची रड माझ्या कानाला सरावाची. पण आण्णांचं रक्त अडकून चालणार नव्हतं. एक डायलिसिस चुकलं तर अंगात पाणी साठून दम लागतो, आणि पुढं काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. पुरातून पलीकडे जायचं तर वाट एकच, बोट.

बोट गावाला पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं दिली होती. रबरी, केशरी रंगाची, मागं चाळीस घोड्यांचं इंजिन. संस्थेचा माणूस येऊन आम्हा काही जणांना शिकवूनही गेला. त्यानं सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हे इंजिन नदीचं पाणी खालून ओढून घेतं आणि त्या पाण्यानंच गार राहतं. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडत असेल तर सगळं ठीक. धार थांबली किंवा बजर वाजला की इंजिन बंद करायचं. मग आधी खालची जाळी बघायची, तिथं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, नाहीतर प्लास्टिक अडकलेलं असतं. मग धारेच्या भोकात तार घालून बघायची. मग आतला रबरी पंखा, जो पाणी ओढतो. हे सगळं ठीक निघालं तर सगळ्यात शेवटी सेन्सरवर संशय घ्यायचा. “आणि पाण्याबाहेर हे इंजिन चालू करायचं नाही,” तो म्हणाला, “मिनिटभरसुद्धा नाही. रबरी पंखा जळून जाईल.” बोट चालवायची जबाबदारी केरबाकाकांनी घेतली. त्यांची हयात नदीवर मासे धरण्यात गेलेली. तेही माझ्या शेजारी बसून हे सगळं ऐकत होते.

दाजी त्या दिवशी नव्हते. ते आले खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारं धुऊन पुजतात. विळा, कोयता, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, सगळ्यांना झेंडूच्या माळा. त्या वर्षी बोटीचं इंजिनही मारुतीच्या देवळापुढं लाकडी घोड्यावर टांगून ठेवलं होतं. हळद-कुंकू झालं, नारळ फोडायचा मान जावयाला दिला. आता ट्रॅक्टरची पूजा झाली की तो चालू करून दाखवायची आमच्याकडं पद्धत आहे, नाहीतर पूजा फळली असं कुणाला वाटतच नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालंच, “पावणं, चालू करून दावा की.”

मी पुढं झाले आणि म्हणाले, “दाजी, पाण्याबाहेर चालवायचं न्हाय असं सांगितलंय.”

“तेजू,” दाजी हसून म्हणाले, “हे इंजिन हाय, मासा न्हवं. पाण्याबाहेर काढलं म्हणून मरत न्हाय.”

लोक हसले. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरले. केरबाकाका देवळाच्या पायरीवर बसून होते. त्यांनी पागोट्याचं टोक सारखं केलं आणि मारुतीकडं बघत राहिले.

इंजिन चालू झालं. दाजींनी मूठ पिळली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर झाले. दाजींनी आणखी पिळली. थोड्या वेळानं बजर वाजायला लागला, एकसारखा, कान किटवणारा. आणि इंजिन आपणहून मंद झालं, कारण तापलं की आपला वेग आपणच कमी करायचा, एवढी अक्कल त्याला बनवणाऱ्यानं घातली होती. देवळापुढं जमलेल्या माणसांत त्या दिवशी एवढी अक्कल असलेलं ते एकटंच होतं.

“सेन्सर खराब हाय,” दाजी म्हणाले.

त्यांनी इंजिनाचं झाकण काढलं. खिशातून पकड काढली. हा माणूस सासरवाडीच्या पूजेलाही खिशात पकड घालून येतो. बजरच्या वायरी कचकन कापल्या. मग तापमानाच्या सेन्सरचा प्लग उपटून तिथं भाताच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडला आणि टेप गुंडाळली. “आता किती बी तापू दे,” ते लोकांना समजावून सांगायला लागले, “इंजिनाला वाटणार, आपण गारच हाय. वेग कमी करायचा न्हाय, काय न्हाय.” लोकांना हे फारच आवडलं. सरपंचांनी तिथल्या तिथं त्यांना फेटा बांधला. आजारी माणसाचा थर्मामीटर फोडला म्हणून वैद्याचा सत्कार करावा, तसा हा प्रकार. दाजी फेटा बांधूनच जेवायला बसले आणि तांबड्या रश्श्याच्या किती वाट्या प्यायले ते देव जाणे.

पुढच्या जूनमध्ये बोट नदीत घालून बघितली. धार पडेना. मी भोकात तार घातली, खालची जाळी बोटांनी साफ केली. दोन थेंब ठिबकले, बस. म्हणजे आतला पंखा गेला होता. केरबाकाकांनाही ते कळलं होतं.

“काका, तुम्ही सांगा आण्णांना,” मी म्हणाले.

“पावण्यांनी केल्यालं काम हाय, बाई. मी कशाला वाईट होऊ?”

मी संस्थेच्या माणसाला बोलवायचं म्हणाले तर आण्णा भडकले. “पावण्यांनी हात लावल्याल्या कामाला दुसरा मिस्त्री आणून त्यांची आब्रू काढतीस व्हय?” दाजींना फोन केला. ते म्हणाले, “अगं, धार म्हंजे नुसता देखावा. इंजिन चालतंय न्हवं?” चालत होतं, हे खरं. हळू चालवलं की चालत होतं.

जुलै संपता संपता पाऊस लागला आणि राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचे आकडे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागले. पाणी इशारा पातळीला आलं तेव्हाच मी म्हणाले, आण्णांना आजच कोल्हापुरात ताईकडं नेऊ, दवाखाना जवळ. आण्णांचं सामान मी पिशवीत भरलंसुद्धा. तेवढ्यात शेवटच्या ट्रॅक्टरमधून दाजी स्वतःच गावात उतरले, रेनकोट घालून, लढाईला निघाल्यासारखे. “कशाला हलवता त्यास्नी?” ते म्हणाले. “बोट हाय, मी हाय.” आता या बोलण्यावर गाव सोडायचं म्हणजे जावयावर विश्वास नाही असं म्हणायचं. आण्णांनी पिशवी परत खुंटीला अडकवली. त्या क्षणी मला दाजींचा जेवढा राग आला, त्याहून जास्त आण्णांचा आला, हे खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी रस्ता गेला. आण्णांची डायलिसिसची पाळी त्याच्या पुढच्या दिवशी. त्या सकाळी त्यांचे पाय सुजले होते, उताणं झोपलं की दम लागत होता. सरकारी बोटी दुसऱ्या गावांतली माणसं काढण्यात गुंतलेल्या. आम्ही आण्णांना घोंगड्यात गुंडाळून बोटीत बसवलं. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. केरबाकाकांच्या हाती इंजिन, आणि पुढं, बोटीच्या नाकावर, दाजी.

शेतांवरून हळूहळू जात होतो तोवर ठीक चाललं. पाण्याखाली गेलेली मळ्याची शीव ओलांडून नदीच्या मुख्य धारेला लागलो तशी ओढ वाढली आणि काकांना मूठ पूर्ण पिळावी लागली. मी मागं वळून बघितलं. धार नव्हती. बजर वाजण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिन आत तापून लाल होत असेल आणि आपण गारच आहोत असं समजून पळत असेल, हे मला कळत होतं. ते सांगायची त्याची सगळी साधनं एका माणसानं पकडीनं तोडली होती, आणि तो माणूस पुढं बसून मोबाइलवर पुराचा व्हिडिओ काढत होता.

“पावणं,” काका म्हणाले, “जळका वास येतोय.”

“नवं इंजिन हाय, थोडा वास मारणारच.”

“काका, बंद करा,” मी ओरडले. पण काकांनी दाजींकडं बघितलं, आणि दाजींनी हातानंच ‘चला, चला’ अशी खूण केली. आणखी थोडं अंतर गेलो असू. इंजिनातून कट्कन आवाज आला, झाकणाखालून धूर निघाला आणि सगळं शांत झालं. एवढी शांतता दाजींनी आयुष्यात कधी केली नसेल.

बोट प्रवाहाला लागली. काकांनी वल्हं मारून मारून ती कशीबशी कडेला घेतली आणि एका बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला दोर टाकला. भोवती केंदाळाचे गठ्ठे, मेलेली कोंबडी, कुणाच्या तरी घराचं दार असं काय काय वाहत चाललेलं. दाजींनी झाकणाला हात लावला आणि चटका बसून बोटं तोंडात घातली. मग म्हणाले, “मला वाटतं, सेन्सर...”

मला हसू आलं. भीतीनं आलं असेल, पण आलं. माझा बाप माझ्या पाठीशी धापा टाकत होता आणि हा माणूस कापून टाकलेल्या सेन्सरला दोष देत होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला अडवलं ते आण्णांनीच, थांबून थांबून बोलत, “तेजा, गप. पावणं, बसा तुमी. दमलासा.”

दुपार कलली तेव्हा काठावरून आमची बोट बघून पलीकडच्या गुऱ्हाळाचे दोन गडी आम्हाला न्यायला आले. ते गूळ शिजवायच्या काहिलीत बसून आले होते. पुरात आमच्याकडं काहिलीची होडी करतात, ते नवीन नाही. लोखंडाची ती मोठी कढई, त्यात दोन माणसं, हातात बांबू. तिला ना इंजिन, ना सेन्सर, ना फेटा बांधलेला जावई. त्यांनी दोर लावून आमची एवढी किमती केशरी बोट कढईच्या मागं ओढत काठाला नेली. काठावर दाजी आधी उतरले.

आण्णांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या छातीत पाणी भरलं होतं. आठवडाभर अतिदक्षता विभागात होते. वाचले. पण पायातला जोर गेला तो गेलाच. आता त्यांना खुर्चीत घालून न्यावं लागतं. गावच्या बाजूला असलेल्या आपल्या मळ्यापर्यंतही ते आता चालत जाऊ शकत नाहीत.

पूर ओसरल्यावर संस्थेच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. रबरी पंख्याच्या सगळ्या पाकळ्या तुटलेल्या, जळून कडक झालेल्या. त्याचे तुकडे तळहातावर घेऊन तो म्हणाला, “हे कोरडं चालवलंय कुणीतरी.” मी ते तुकडे कागदात गुंडाळून आण्णांना नेऊन दाखवले. बजर खंडेनवमीला कशासाठी ओरडत होता, ते समजावून सांगितलं. आण्णांनी एक तुकडा बोटांत धरून चुरला. चुरा कागदात टाकून कागद मला परत दिला. मला वाटलं, हे असंच चालायचं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा नारळ, पुन्हा पावणं.

त्यानंतरच्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना दाजी भेटायला आले. पुरानंतर पहिल्यांदाच. हातात शहाळं. किडनीच्या माणसाला शहाळं विष आहे, हे तीन वर्षांत त्यांच्या कानावर किमान दहा वेळा गेलं असेल. डायलिसिस बघणारी दानेश्वरी नावाची निपाणीकडची मुलगी आहे, तिनं ते शहाळं न बोलता उचलून खिडकीत ठेवलं. दाजी पलंगाच्या कडेला टेकून बसले आणि नवीन इंजिन आणायचं तर कुठलं आणावं, हे आण्णांना सांगायला लागले. पुराच्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. आण्णा छताकडं बघत ऐकत होते.

बोलता बोलता मशीन वाजायला लागलं. लाल दिवा लागला. दानेश्वरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या सुया काढत होती. “आले, आले,” ती तिथूनच म्हणाली.

दाजींनी मशीनकडं असं बघितलं, जसं ते मंगळवार पेठेत बॉनेट उघडून बघतात. “ह्याचा सेन्सर खराब हाय,” ते म्हणाले आणि मशीनच्या बटणांकडं त्यांनी हात नेला.

आण्णांनी सुया नसलेल्या हातानं त्यांचं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून आली, मला माहीत नाही.

“विजयसिंह,” आण्णा म्हणाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी जावयाला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. “हात लावायचा न्हाय. वाजतंय ते वाजू दे.”

मशीन वाजतच होतं. दानेश्वरी आली, तिनं नळी बघत बघत हात पलंगापर्यंत आणला आणि दाजींपाशी थांबली.

“तुमी नळीवर कोपर टेकलाय की,” ती म्हणाली. “उचला.”

दाजींनी कोपर उचललं. तिनं एक बटण दाबलं, नळीतलं रक्त पुन्हा पळायला लागलं, आवाज थांबला. ती दुसऱ्या पेशंटकडं निघून गेली. दाजी उठायला लागले, दुकानात कुणी नाही असं काहीतरी पुटपुटले. आण्णांनी मनगट सोडलं नाही. डायलिसिस संपून सुया निघेपर्यंत त्यांनी ते तसंच धरून ठेवलं, आणि दाजींना कोपर हवेत धरून तिथं बसावं लागलं.